लेले बिंदू

११ जानेवारी १९७९, गुरुवार. सांगली.

रोजनिशी सुरू. वर्षाला दहा दिवस उशीर झाला, पण एक तारखेला सुरू करणारे वीस तारखेला बंद पडतात. मी पडणार नाही.

ही फक्त माझ्यासाठी आहे. तरी तारखा नीट घालायच्या आणि अक्षर सुवाच्य ठेवायचं. मोठ्या शोधामागची टिपणं लोक पुढे हुडकत बसतात, त्यांचे हाल नकोत.

आज कॉलेजात नोटीस लागली. आमच्या धातुशास्त्र विभागात प्रपाठकाची जागा मार्चमध्ये भरणार. जागा एकच. मी तेरा वर्षं लेक्चरर आहे. ज्येष्ठता माझी, संशोधन माझं, म्हणजे जागा माझीच. समिती बसेल ती केवळ औपचारिकता.

नोटिशीपुढे सयाजी फडतरे उभा होता. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, नोकरीत आठ वर्षांनी. दोनदा वाचत होता. दोनदा वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं.

१६ जानेवारी, मंगळवार.

चौदावा तुकडा ओढला.

विषय थोडक्यात लिहून ठेवतो. चांगलं पोलाद काचेसारखं फुटत नाही. आधी ताणतं, वाकतं, सोसतं. सोसता सोसता आत कुठेतरी एका क्षणी भेग पुढे सरकायला लागते. बाहेरून काही दिसत नाही. तो क्षण पकडायचा. बॉयलर, पूल, पाइप, सगळ्यांचा जीव त्या क्षणावर आहे. जगभर लोक त्याच्या मागे लागलेत. त्यात सांगलीत मी.

माझी पद्धत विजेची. खाच पाडलेला तुकडा मशीनमध्ये धरायचा, त्यातून करंट सोडायचा, आणि मशीनने तो सावकाश ओढत राहायचं. भेग सरकली की करंटची वाट अरुंद होते, तुकड्यावरचं व्होल्टेज बदलतं आणि रेकॉर्डरचा पेन ते कागदावर उमटवतो. आज पेन शांत चालला होता. लोड चार टनांवर गेला, मशीनचा पंप घुरघुरायला लागला, आणि मिनिटाभरात रेघ झपकन खाली बसली. दहा मिनिटं खालीच. मग पुन्हा वर. चौदा तुकडे, चौदा वेळा हेच.

पुस्तकात म्हटलंय की भेग सरकली की रेघ वर वळते, तीही अगदी हळू. पुस्तकं अमेरिकेत लिहिली आहेत. हे पोलाद आपल्या साखर कारखान्यातल्या भंगार बॉयलरचं आहे.

टेस्ट संपली आणि केरबाने चहा आणला. केरबा आमचा लॅबमधला मदतनीस, माझ्याआधीपासूनचा. टेस्ट संपायला आणि चहा तयार व्हायला कायम एकच गाठ पडते. साखर फार घालतो. तेवढं त्याला एकदा सांगायचं आहे.

२३ जानेवारी, मंगळवार.

आजचा दिवस जपून लिहितो.

मुद्दाम वेगळं पोलाद घेतलं. पुलाच्या गर्डरचं. ते कारखान्याच्या पोलादापेक्षा बरंच कडक. तरीही रेघ कुठे खाली बसली? चार टनांवरच. मग ट्रॅक्टरच्या ॲक्सलचा तुकडा लावला. चार टन. म्हणजे पोलाद कुठलंही असो, भेग निघण्याआधी चार टनांवर दम घेते. हा निसर्गनियम आहे आणि तो आजपर्यंत कुणाला दिसला नव्हता.

याला नाव हवं. बराच विचार केला. अहंकार टाळायचा होता. पण शास्त्रात प्रघात आहे, आपण मोडणारे कोण? ‘लेले बिंदू’.

घरी विनोदिनीला सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, बरं झालं, आणि सयाजीभावजींचं काय म्हणणं आहे? मी विचारलं, त्यांचा इथे काय संबंध? तर म्हणाली, त्यांना त्यातलं कळतं ना, म्हणून विचारलं.

माझ्या बायकोच्या मते त्यातलं कळणारा माणूस सयाजी आहे. सोळा वर्षं संसार झाला आमचा.

२७ जानेवारी, शनिवार.

सयाजीची पद्धत लिहून ठेवतो. पद्धत कसली, कष्ट.

तो एकाच पोलादाचे आठ सारखे तुकडे घेतो. पहिला थोडा ओढून सोडून देतो, दुसरा त्याहून जरा जास्त, तिसरा आणखी. मग सगळे भट्टीत घालून तापवतो. आत जेवढी भेग सरकली असेल तेवढी जागा निळी पडते. मग तुकडा पूर्ण तोडून निळ्या पट्टीची रुंदी मोजत बसतो. आठ पट्ट्या मोजून मागे हिशेब करतो की भेग नक्की कुठे सुरू झाली. आठ तुकड्यांना तीन आठवडे. मी तेच पाऊण तासात करतो, शिवाय चहा होतो.

कारखान्याच्या पोलादाला त्याचं उत्तर तीन टन सहाशे किलो. माझं चार टन. अर्थात तो चुकला आहे. गर्डरचं त्याचं उत्तर आणखी वेगळं, ॲक्सलचं आणखी वेगळं. एका बिंदूवर ठाम राहता येत नाही त्याला.

विभागप्रमुख मात्र त्याच्या टेबलाशी वाकून वाकून निळ्या पट्ट्या बघत होते. म्हणाले, वा, डोळ्यांनी दिसतंय. भाजलेला पापडही डोळ्यांनी दिसतो, त्याला कुणी प्रपाठक करत नाही. हे मी बोललो नाही, मनात ठेवलं.

संकल्प: सयाजीचा विचार दिवसातून एकदाच करायचा. सकाळी.

३१ जानेवारी, बुधवार.

संकल्प मोडला, पण दोष माझा नाही. सयाजीच संध्याकाळी घरी आला. वडूजहून त्याच्या आईने शेंगा आणि काकवी पाठवली होती. कॉलेजात तो मला सर म्हणतो, घरी दादा. विनोदिनीने थालीपीठ लावलं. त्याला चार वाढली, मला दोन. मोजली मी. नंतर विचारलं तर म्हणाली, तुम्हाला रात्री जड जातं.

४ फेब्रुवारी, रविवार. सातारा.

तात्यांना, म्हणजे वडिलांना, भेटायला आलो. वय एकोणऐंशी, नजर अधू झालीय, पण आवाज हेडमास्तरचाच.

मी पिशवी खाली ठेवतोय तोवर विचारलं, सयाजी कसा आहे?

हे नवं नाही. सयाजी वडूजहून साताऱ्याला तात्यांच्या शाळेत आला तेव्हा तात्यांनी त्याला दोन वर्षं घरीच ठेवून घेतलं होतं. वडील फौजेत, गावात पुढची शाळा नाही. मी त्या वेळी कॉलेजसाठी पुण्याला होतो. तो माझ्या कॉटवर झोपला, माझ्या कंदिलाशी वाचला आणि मॅट्रिकला माझ्याहून नव्वद मार्क जास्त मिळवून गेला. तात्यांनी तेव्हा पेढे वाटले तसे माझ्या वेळी वाटले नव्हते. माझ्या वेळी साखर महाग होती असं आई सांगायची.

जेवताना तात्यांना लेले बिंदू समजावला. नाव ऐकून आनंद होईल असं वाटलं, शेवटी नाव त्यांचंही आहे. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, वासू, तीन वेगळी पोलादं आणि आकडा एकच? तीन मुलांचं गणिताचं उत्तर अगदी एकसारखं आलं की मी आधी ती कुठल्या बाकावर बसली होती ते बघायचो.

शिक्षकांना संशोधन समजावणं अवघड असतं.

प्रपाठकाच्या जागेचंही सांगितलं. म्हणालो, मिळणारच आहे, फक्त सयाजी मध्ये कडमडला नाही म्हणजे झालं. तात्यांनी ताकाचं भांडं पुढे ओढलं. ताक ओतून घेतलं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार. सांगली.

सयाजीचा डाव कळला.

तो सकाळी लॅबमध्ये आला, दार ओढून घेतलं आणि म्हणाला, सर, एक सुचवू? एखाद दिवशी मशीन बंद ठेवा, तुकडा नुसता अडकवा, आणि रेकॉर्डर दिवसभर चालू ठेवून बघा. दिवसभराची रेघ कशी येते ते दिसेल.

मशीन बंद ठेवून टेस्ट. म्हणजे निवड महिन्यावर आलेली असताना माझा एक दिवस आणि एक पेपर रोल फुकट घालवायचा. त्याला सरळ सांगितलं की दुसऱ्याचा शोध पाहून पोटात दुखणं स्वाभाविक आहे, मी समजू शकतो. तो म्हणाला, तसं नाही सर, केरबा जेव्हा... मी म्हणालो, केरबाला यात ओढू नकोस, गरीब माणूस आहे. त्याने ओढलेलं दार उघडलं आणि गेला.

मत्सर वाईट. माणसाला आतून खातो. सयाजीची कीव येते.

१४ फेब्रुवारी, बुधवार.

अर्ज करायची मुदत सोमवारपर्यंत आहे. सयाजीने भरला की नाही हे कळणं आवश्यक. म्हणून सहजच माधवनगरला गेलो. तिथे तो गिरणीमागच्या चाळीत खोली घेऊन राहतो. समोरच शिंप्याचं दुकान आहे, तिथून त्याची खिडकी दिसते. तो टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होता. लिहायचा, थांबायचा, खोडायचा. अर्जच.

शिंपी तीनदा म्हणाला, काय हवंय? शेवटी लेंगा शिवायला टाकला. तो माप घेत असतानाच सयाजी खिडकीत आला आणि त्याने मला पाहिलं. खाली येऊन म्हणाला, सर, इकडे कुठं? मी म्हणालो, लेंगा. तो म्हणाला, सांगलीत शिंपी न्हाईत व्हय? म्हणजे नाहीत का. घाईत असला की त्याची भाषा वडूजला जाते.

मग मी सरळच विचारलं, अर्ज भरलास? तो हसला. म्हणाला, बघू सर.

हा ‘बघू’ मी ओळखतो. भरलेल्या माणसाचा ‘बघू’ आहे हा.

१९ फेब्रुवारी, सोमवार.

माझा अर्ज दिला. ‘संशोधनाचा अनुभव’ या रकान्यात लेले बिंदू घातला. रकाना मोठा होता. उरलेल्या जागेत आकृती काढली.

१ मार्च, गुरुवार.

समिती गुरुवारी, आठ तारखेला येणार. प्राचार्य, पुण्याचे एक पीएच.डी. डॉक्टर तज्ज्ञ म्हणून, आणि हंबीरराव. ते कारखान्याचे अध्यक्ष, आमच्या कॉलेजच्या मंडळावरही आहेत आणि ज्या बॉयलरचं पोलाद मी ओढतो तो त्यांचाच. मुलाखतीबरोबर उमेदवाराने लॅबमध्ये काम प्रत्यक्ष दाखवायचं आहे. माझ्यासाठी पर्वणी. रेघ त्यांच्या डोळ्यांसमोर खाली बसेल.

लॅब सुधारायला घेतली. केरबाचा चहाचा हिटर कोपऱ्यात, भिंतीवर काजळी, पातेल्याला काळी पुटं. पंप घुरघुरला की हा उठून हिटर लावतो, कारण तिथून बरोबर दहाएक मिनिटांची टेस्ट राहिलेली असते. आधीच्या प्रमुखांनी घालून दिलेली पद्धत आहे म्हणे. प्रयोगशाळा आहे की कँटीन? त्याला सांगितलं, त्या दिवशी हिटर, पातेलं, गाळणं काही नको. हॉटेलातून चहा येईल, कपबशीत, बिस्किटांसकट.

केरबाला लागलं ते. म्हणाला, सायेब, आमच्या चा ला कवा कोन नाव ठेवलं न्हाई. मी म्हणालो, एका दिवसाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, बगा बाबा, तुमचं तुमास्नी. मग पातेलं घासून उलटं घालून ठेवलं.

सयाजी दारात होता. हे ऐकून तो आत आला, एकदा हिटरकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत फिरला. त्याला कळून चुकलंय की आता काही चालणार नाही.

६ मार्च, मंगळवार.

रंगीत तालीम. उत्तम. चार टन, पंप, रेघ खाली. केरबाने शेवटचा म्हणून चहा जास्तच गोड केला.

भाषण पाठ आहे. रेघ खाली बसताना बोट दाखवून म्हणायचं, सज्जनहो, हीच ती भेग, दम घेताना. दबक्या आवाजात म्हणायचं की खणखणीत, ते उद्या ठरवतो.

८ मार्च, गुरुवार. दुपार, चार वाजता.

आधी जे झालं ते तसंच लिहितो. स्पष्टीकरण नंतर.

अकरा वाजता समिती लॅबमध्ये आली. कोपरा चकचकीत, चहा हॉटेलातून मागवलेला. सयाजीला प्राचार्यांनी मशीनच्या व्हॉल्ववर उभं केलं होतं. हा माणूस आठवड्यात एकदा तरी माझ्या मध्ये येतोच.

टेस्ट सुरू झाली. मी बोलायला लागलो. तीन टनांच्या पुढे गेल्यावर रेघ किंचित वर वळायला लागली. अगदी किंचित. मी दुर्लक्ष केलं. चार टन झाले. पंप घुरघुरला. मी बोट दाखवलं आणि म्हणालो, सज्जनहो, हीच ती भेग, दम घेताना.

रेघ वर चालली होती.

मी म्हणालो, क्षणभर थांबू. थांबलो. प्राचार्यांनी घड्याळ बघितलं. मी पुन्हा म्हणालो, हीच ती भेग. हंबीरराव खुर्चीतून उठले, मशीनशी वाकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, आवं लेले सायेब, भेग तर मला हितनं दिसाय लागली. तुमच्या मशीनला कवा दिसायची?

खाचेपुढे नख जाईल एवढी उघडली होती.

पुण्याचे डॉक्टर मात्र रेघेकडेच बघत होते. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, रेघ जिथून वर वळली तिथे खूण केली आणि लोड वाचला. तीन टन सहाशे. म्हणाले, छान, इथे भेग सरकली. मग विचारलं, याच पोलादाचं दुसऱ्या कुठल्या पद्धतीने उत्तर काढलंय का कुणी? प्राचार्यांनी सयाजीकडे बोट केलं. सयाजी व्हॉल्व पुसायला लागला. पुन्हा विचारल्यावर म्हणाला, तीन टन सहाशे, सर. आठ तुकड्यांवरून.

डॉक्टर खूश झाले. माझ्याकडे वळून म्हणाले, अभिनंदन, दोन स्वतंत्र पद्धती आणि एक उत्तर. तुमचं यंत्र अगदी बरोबर चाललंय.

इथे मी ‘हो’ म्हणायला हवं होतं, असं प्राचार्य नंतर म्हणाले. सयाजी तर तिथेच म्हणाला. व्हॉल्व सोडून माझ्या कानाशी आला आणि अगदी हळू म्हणाला, दादा, हो म्हणा. कॉलेजात पहिल्यांदाच दादा म्हणाला.

मला वाटलं अडकवतोय. त्याचा आकडा माझ्या तोंडून वदवून घ्यायचा, आणि तेही समितीसमोर. मी म्हणालो, मुळीच नाही, हा वरचा झोक म्हणजे गोंधळ आहे, किरकोळ आहे. खरी खूण म्हणजे लेले बिंदू, चार टनांवर, खाली. सत्तावन्न तुकड्यांवर पाहिलेली. आज आली नाही त्याला काहीतरी बाह्य कारण आहे.

डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, रोजच्यात आणि आजच्यात काय फरक होता?

मी म्हणालो, काही नाही.

केरबा ट्रे धरून उभा होता. म्हणाला, आज आपला चा न्हवता न्हवं. हिटर लावला की रेघ खाली जाती, चा उतरवला की वर येती. लय वर्सं बगतोय मी. तुमास्नी म्हायती आसंल वाटलं.

डॉक्टरांनी हिटर मागवला. मशीन बंद केलं, नवा तुकडा नुसता अडकवून करंट सोडला. ओढणं नाही, भेग नाही, काही नाही. केरबाने पातेलं ठेवलं आणि बटण दाबलं.

रेघ झपकन खाली बसली. दहा मिनिटं खाली. केरबाने चहा उतरवला. रेघ वर आली.

कुणी हसलं नाही. हंबीरराव तेवढे म्हणाले, केरबा, आनलाच हाईस तर दे घोटभर. सगळ्यांनी तोच चहा घेतला. हॉटेलचा तसाच राहिला.

९ मार्च, शुक्रवार.

स्पष्टीकरण.

एक तर लॅबमधलं वायरिंग जुनं. हिटर आणि तुकड्याला करंट पुरवणारा माझा डबा एकाच लाइनवर आहेत, हिटर लागला की करंट पडतो, हे सांगायचं काम कॉलेजच्या वायरमनचं. दुसरं, हॉटेलचा चहा मागवला तो समितीच्या मानासाठी. माझ्यासाठी मागवला नव्हता. तिसरं, पंप घुरघुरतो तो कायम चार टनांवरच, यात माझा काय दोष? मशीन जर्मन आहे.

चौथं लिहायला बसलो होतो. सुचलं नाही.

विनोदिनीला सगळं सांगितलं. सांगावं लागलं, गावभर झालं होतं. ती हसली नाही. जवळ बसली. म्हणाली, यंत्र बरोबर होतं म्हणाले ना ते? मी म्हणालो, हो. म्हणाली, मग बनवलं तर तुम्हीच होतं. हा मुद्दा मला स्वतःला का सुचला नाही कोण जाणे. थोडं बरं वाटलं. मग आठवलं की आता जागा सयाजीला मिळणार, आणि जेवण गेलं नाही.

एवढा जळफळाट माझा आधी कधी झाला नव्हता. लिहितो तर खरंच लिहितो. तो प्रपाठक होईल, त्याच्या दारावर पाटी लागेल, पेढे घेऊन घरी येईल, दादा म्हणेल, आणि विनोदिनी चार थालीपिठं वाढेल. साताऱ्याला तात्या आपल्या हाताने पत्र लिहितील त्याला. नजर अधू असली तरी.

१६ मार्च, शुक्रवार.

निकाल लागला. नोटीस वाचायला मी मुद्दाम सगळे वर्गात गेल्यावर गेलो. ‘योग्य उमेदवार न मिळाल्याने पद रिक्त ठेवण्यात येत आहे. जूनमध्ये फेरजाहिरात.’

मला आधी आनंद झाला. सयाजीलाही नाही मिळाली. थेट ऑफिसात गेलो. हेडक्लार्क बाळासोंना म्हणालो, फडतऱ्यांनाही डावललं म्हणायचं, एवढे आठ आठ तुकडे करून. बाळासो रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाले, त्यांचा अर्ज कुठं होता सर? एकच अर्ज आला होता. तुमचाच.

मी खुर्चीवर बसलो. ती बाळासोंच्या डब्याची खुर्ची होती. डबा काढून बसलो.

एकटाच होतो मी. मग मुलाखतीला कुणाशी लढत होतो ते मला सांगता येणार नाही.

२५ मार्च, रविवार. सातारा.

सगळं सांगायला तात्यांकडे आलो. एस.टी.त कऱ्हाडपर्यंत उभा होतो, तोपर्यंत काय सांगायचं ते ठरवत होतो. वायरिंगपासून सुरुवात करायची ठरवली.

तात्यांनी वायरिंग ऐकून घेतलं. मग मी म्हणालो, एक कळत नाही तात्या. सयाजीने अर्जच भरला नव्हता. का भरला नसेल? हाताशी आलेलं कोण सोडतं?

तात्या म्हणाले, मी सांगितलं होतं त्याला, भरू नकोस म्हणून.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण ते हेडमास्तरच्या आवाजात म्हणाले होते.

तू फेब्रुवारीत येऊन गेलास त्यानंतर मी त्याला बोलावून घेतलं, म्हणाले. त्याला सांगितलं, वासूला ही जागा मिळाली नाही आणि ती तुला मिळाली, तर ते त्याला सोसायचं नाही. तुझं वय आहे, तुला पुढची मिळेल. एवढी याला मिळू दे. तो बसला होता तिथेच, तू बसलास तिथे. म्हणाला, गुरुजी, अर्ज अर्धा लिहून झालाय. मी म्हणालो, फाड. तो बरं म्हणाला. जाताना एवढंच म्हणाला, दादांना कळू देऊ नका.

पस्तीस वर्षं हेडमास्तर असताना तात्यांनी कधी कुणासाठी शब्द टाकला नाही. मी दोन मार्कांनी नापास होत होतो तेव्हाही नाही. गणिताचे मास्तर स्वतः घरी आले होते विचारायला, त्यांनाही परत पाठवलं होतं. उभ्या आयुष्यात शब्द टाकला तो माझ्यासाठी. आणि मी तिथे चहाची रेघ दाखवून आलो.

लाज वाटली. मग राग आला, तात्यांचा. मला विचारायचं तरी होतंत. मग वाटलं, विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो? हो म्हणालो असतो. याचं फार वाईट वाटलं.

मी म्हणालो, मग आता का सांगितलंत? तात्या म्हणाले, जूनमध्ये पुन्हा जागा निघणार. तू पुन्हा त्याच्या खिडकीखाली लेंगे शिवत बसशील. विनोदिनीने लिहिलंय मला.

दुपारभर पडून राहिलो. झोप लागली नाही. चारला उठलो आणि पिशवीतून जूनच्या जागेसाठी अर्जाचे कोरे नमुने काढले. शुक्रवारी ऑफिसातून दोन घेतले होते, एक खराब झाला तर असावा म्हणून. त्यातला एक सयाजीच्या नावाने भरायला घेतला. नाव, गाव, जन्मतारीख, मॅट्रिकचे मार्क, सगळं मला तोंडपाठ होतं. इतकं पाठ माझं स्वतःचं नाही. ‘संशोधनाचा अनुभव’ या रकान्याशी आलो. आठ तुकडे, भट्टी, निळ्या पट्ट्या, कारखान्याचं पोलाद, गर्डर, ॲक्सल, प्रत्येकाचा वेगळा आकडा, प्रत्येक बरोबर. रकाना पुरेना. पुरवणी जोडावी लागली.

पुरवणीच्या शेवटी थोडी जागा उरली. ‘मार्गदर्शन: श्री. वा. वि. लेले’ एवढं सहज बसलं असतं. तात्या समोरच बसले होते. त्यांना तेवढ्या अंतरावरचं दिसत नाही. तरी घातलं नाही.

त्याची सही तेवढी घ्यायची आहे. सकाळी सातची गाडी आहे.